चाळीस दिवसांची मिशी

"चाळीस दिवस? तू?" कोबिलनं चहाची वाटी खाली ठेवली. "लेका, तू चाळीस श्वास गप्प बसून दाखव, मी मिशी उतरवतो."

चहाखान्यातले सगळे हसले. तुर्गुन पण हसला. वैद्यकीय कारण सोडलं तर मार्गिलान गावच्या त्या गल्लीत कुणी तुर्गुनला गप्प बसलेलं पाहिलंच नव्हतं.

"श्वास कशाला, दिवसच घे," तो म्हणाला. "परवा चिल्ला लागतोय. उन्हाळ्याचे ते चाळीस दिवस मी रोज सकाळी दवाखान्यातल्या योगाला जाणार. एक दिवस चुकला तर माझी मिशी, नाहीतर तुझी. इथंच, सगळ्यांसमोर, हाशिम न्हाव्याच्या हातानं."

"लागली पैज," कोबिल म्हणाला आणि हातावर हात पडला. गल्लीत नाव घेण्यासारख्या मिशा दोनच. एक नानवाल्या तुर्गुनची, दुसरी बसवाल्या कोबिलची. चहाखान्याला चाळीस दिवसांचं काम मिळालं.

पैज तुर्गुननंच ओढून आणली होती, कारण नुसतं डॉक्टरच्या सांगण्यावरून तो गेलाच नसता. एप्रिलात पहाटे, अर्धं अंग तंदुरात घालून नान भिंतीला थापताना त्याच्या छातीवर कुणीतरी गाढव बसवलं. आत अंधार, तोंडावर जाळ, आणि कानात स्वतःचंच काळीज. भावानं पाय धरून ओढला म्हणून वाचला. इस्पितळात नळी घातली, गोळ्या दिल्या, घरी धाडला. पण त्या दिवसापासून तो आडवा झाला नव्हता. भिंतीला टेकून, दिवा लावून झोपायचा. बायको सलोमत विचारायची तर म्हणायचा, "पहारा देतोय. चोर आले तर तुला उचलून नेतील."

दवाखान्यातल्या डॉक्टर मुश्तरी लहान चणीच्या, पण ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. "नळीनं रक्त मोकळं झालं, तुर्गुनदादा, भीती नाही झाली. योगाच्या वर्गाला या. डोळे मिटून शांत पडता आलं की मग तंदुराचं बोलू. तोवर तंदुराजवळ दिसलात तर माझ्याशी गाठ आहे."

तंदुराशिवाय तुर्गुन म्हणजे कोण? चहाखान्यातला आणखी एक रिकामटेकडा.

पहिल्या दिवशी तो गेला. दहा-बारा माणसं, दहा-बारा चटया. हात वर, हात खाली, इथवर झकास. शेजारच्या म्हाताऱ्याचं पोट वाजलं तेव्हा त्यावर त्यानं एक विनोदही केला. मग डॉक्टर म्हणाल्या, "आता आडवे व्हा. डोळे मिटा. हात छातीवर ठेवा आणि फक्त ऐका."

त्यानं ऐकलं. एक ठोका. दुसरा. पापण्यांआड तंदुराचं तोंड उघडलं. आणि एकच विचार आला, पुढचा आलाच नाही तर?

सपाता हातात घेऊन तो जिना उतरला.

दुसऱ्या दिवसापासून तुर्गुन रोज सहाला घरातून निघायचा, दवाखान्यासमोरच्या खरबुजांच्या ढिगामागे तासभर बसायचा आणि ताठ मानेनं चहाखान्यात यायचा.

"काय शिकवलं आज?"

"तहानलेला उंट." तो बाजेवर चढून मान लांब करायचा, जीभ बाहेर. लोक लोळायचे. एक दिवस 'खिशात किल्ली शोधणारा नवरा', एक दिवस 'सासूला पाहिलेला बोकड'. सगळ्यात गाजला 'हट्टी गाढव': डाव्या हातानं खुंटा धरून मागं झुकायचं आणि दम रोखून ओढायचं. "यानं डाव्या अंगातलं दुखणं पळतं," असं त्यानं वर ठोकून दिलं. थाप मारायची तर नीट मारावी, हा त्याचा धर्म.

सलोमत शेजारणींना अभिमानानं सांगत फिरायची. तो रात्री भिंतीला टेकून बसायचा.

सदतिसाव्या दिवशी चहाखान्यातून परतताना कोबिल त्याच्यासोबत निघाला. कोपऱ्यावर थांबला, वाकला. "बुटाची नाडी सुटली." पुढं तुतीच्या झाडाखाली पुन्हा थांबला. "ही नाडी पण..."

तुर्गुननं खाली पाहिलं. कोबिलच्या पायात सपाता होत्या.

मार्चमध्ये, झटका यायच्या आधी, तुर्गुनही असाच थांबायचा. तो मात्र पिठाचं पोतं तपासायचं सोंग करायचा.

"कुठं दुखतंय?" त्यानं विचारलं.

"दुखत कुठंय. हात जरा जड होतो, डावा. महिना झाला." कोबिल भिंतीला टेकला. कपाळावर घाम, आणि गल्लीत तर सावली होती. "बायकोला बोलू नकोस. मी करतोय तुझं ते."

"माझं कुठलं?"

"हट्टी गाढव. रोज पहाटे, गोठ्याच्या खुंट्याला. चाळीस वेळा. म्हटलं डॉक्टरकडं कशाला, आपला तुर्गुन घरबसल्या सांगतोय. तुझा रंग बघ कसा सुधारलाय. मला पण नीट शिकव ना, दम कुठं सोडायचा ते."

तुर्गुननं त्याचा डावा हात धरला. चौपन्न वर्षांत पहिल्यांदा त्यानं थापेला थाप जोडली नाही.

"कोबिल, ते गाढव खोटं आहे."

"म्हणजे?"

"उंट खोटा, बोकड खोटा. मी एकच दिवस गेलो. डोळे मिटवेनात मला, पळून आलो. रोज खरबुजांमागं बसतो. चल, आत्ताच्या आत्ता चल दवाखान्यात."

 "हरामखोरा," कोबिल हळूच म्हणाला. "मी चाळीस वेळा ओढत होतो." मग त्यानं तुर्गुनच्या खांद्यावर हात टाकला, राग म्हणून नव्हे, उभं राहवेना म्हणून.

डॉक्टर मुश्तरींनी कोबिलच्या छातीला तारा लावल्या, कागद पाहिला आणि गाडी मागवली. फरगान्याला, मोठ्या इस्पितळात, लगेच. तुर्गुनकडं त्यांनी वर मान करून पाहिलं. "तुमची चटई मी अजून दिली नाही कुणाला," एवढंच म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडी सुटायच्या आत तुर्गुन पळत समोरच्या दुकानात गेला. पळायचं नव्हतं त्यानं, पण पळाला. नान आणला, कोबिलच्या तोंडाशी धरला. "चाव. उरलेला परत येऊन खायचा."

"तुझ्या हातचा नाही वाटतं हा," कोबिल म्हणाला आणि चावला.

दूर जाणाऱ्यानं चावलेला नान तो परतेपर्यंत जपायचा, या गल्लीच्या रीतीप्रमाणं तुर्गुननं तो चहाखान्याच्या खांबाला खिळ्यावर टांगला. गल्लीला कारण सांगितलं, तेही सगळं, उंटापासून गाढवापर्यंत. कुणी हसलं नाही. चहावाल्यानं तीन दिवस त्याच्यापुढं वाटी आदळून ठेवली. सलोमत दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी बोलली ते त्याहून वाईट होतं. रोज तो येऊन खांबाखाली बसायचा आणि नानवर उमटलेल्या दातांच्या खुणा बघायचा.

चिल्ला संपून आठवडा झाला तेव्हा कोबिल आला, बारीक झालेला, बायकोच्या हाताला धरून. त्यानं खिळ्यावरचा नान काढला. दगड झाला होता. चहात बुडवला आणि म्हणाला, "हाशिम कुठाय? वस्तरा आणायला सांगा."

बाजेभोवती अख्खी गल्ली जमली. तुर्गुन खुर्चीत बसला, हाशिमनं मानेभोवती फडकं गुंडाळलं, फेस लावला.

"दया कर," तुर्गुन म्हणाला. "टोकं तरी ठेव."

"मुळापासून," कोबिल म्हणाला. "आणि मला हसवू नका रे, नळीच घातलीय, टाके नाहीत, पण डॉक्टरांनी बजावलंय."

"तोंड बंद," हाशिम म्हणाला. "डोळे मीट, फेस जाईल. हललास तर ओठ जाईल, मग सांगू नकोस."

तुर्गुननं डोळे मिटले.

तंदुराचं तोंड आलंच. गरम, काळं. पण हलायची सोय नव्हती. गार पातं नाकाखाली टेकलं होतं. पळायचं म्हटलं तरी ओठ ठेवून जावा लागला असता. एक ठोका. दुसरा. वस्तरा खरखरला. कुणीतरी खोकलं, कुणाची तरी वाटी वाजली, शेजारी कोबिल तो वाळका नान कुरुमकुरुम चावत होता. पुढचा ठोका. तो आला. त्याच्या पुढचाही आला.

"झालं का?" त्यानं ओठ न हलवता विचारलं.

"अर्धी राहिलीय," हाशिम म्हणाला.

"मग सावकाश कर," तुर्गुन म्हणाला, आणि त्यानं डोळे तसेच मिटून ठेवले.