दुसऱ्या बटणाची जागा

दोनचा आकडा एकपेक्षा जास्त झिजला होता.

दाराच्या आतल्या बाजूला, हात टेकतो त्याच्या जरा पुढे, नखाएवढी दोन बटणं. त्यातल्या एकचा पांढरा रंग अजून शाबूत, कडा धड, आणि दोन—दोनची मान उडालेली, पोट पुसट, बोटांच्या तेलाने काळवंडलेलं... रोमेन गॅब्रिश कॉफीचा मग हातात धरून गॅरेजमध्ये गाडीच्या उघड्या दारापाशी वाकून उभी होती, आणि हे आपल्याला इतके दिवस कसं दिसलं नाही, याचंच तिला नवल वाटत होतं. एक दाबलं की सीट गुरगुरत कॅझच्या मापावर जाते, बाहेरचे दोन्ही आरसेही माना वळवून त्याच्या नजरेला लागतात, हे तिला ठाऊक होतं. दोन म्हणजे दुसऱ्या ड्रायव्हरचं माप. आणि या गाडीला दुसरा ड्रायव्हर नव्हता. मग हे झिजवलं कोणी?

कॅझ, तिचा नवरा, फेब्रुवारीत गेला. जमीन इतकी गोठलेली की खड्डा खणायला यंत्र आणावं लागलं, आणि गाडी तेव्हा इथेच, चादरीखाली, बॅटरीला चार्जर लावून निवांत झोपलेली—कारण बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडायला लागलं की ही एल्डोराडो गाडी बाहेर काढायची नाही, हा त्या घरातला पहिला धर्म, चर्च त्याच्यानंतर. मोत्याच्या रंगाची, दोनच दारांची, आणि दार एवढं लांब की उघडण्याआधी शेजारच्या गाडीची परवानगी घ्यावी! कॅझ निवृत्त झाला तेव्हा कामगारांच्या सवलतीत त्याने ती घेतली, आणि थोड्याच दिवसांत कंपनीने ती बनवणंच थांबवलं. लोकांना उंच, ठोकळ्यासारख्या गाड्या हव्या झाल्या होत्या. आयुष्यभर त्याने कारखान्यात दुसऱ्यांच्या ट्रकना दारं बसवली. ही एक त्याची. "तुझा हात नाही बसायचा हिच्यावर, रोमेन," तो म्हणाला होता, आणि ती ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसली होती. ती—जी नोकरीभर शाळेची बस चालवत आली, पिवळी, घराएवढी, मागे पोरं कोकलतायत, पुढे बर्फाने काच आंधळी झालेली, आणि एकदाही कुणाच्या केसाला धक्का लागू दिला नाही... तिचा हात दोन दारांच्या गाडीवर बसणार नव्हता! मेल्या, माझा हात बसत नव्हता की तुला माझ्या शेजारी बसवत नव्हतं?

फोन वाजला. बर्नी. धाकटा दीर.

"रोमेन, चारला येतो गं. किल्ल्या काढून ठेव. दोन्ही जोड्या."

"ठेवते."

"आणि तोवर उगाच फिरवत बसू नकोस. कुठे घासलीस-बिसलीस तर कॅझ वरून शिव्या हासडेल."

"वरून? तो वर गेला हे तुला कोणी सांगितलं?"

बर्नी खोखो हसला आणि हसता हसताच त्याने फोन ठेवला. गाडी बर्नीची, हे दफनानंतरच्या जेवणात ठरलं होतं, पिएरोगीच्या, त्या उकडलेल्या पोलिश करंज्यांच्या, ताटांवर लोण्यात परतलेला कांदा फिरत असताना. कोणी ठरवलं ते तिला आठवत नव्हतं. आपल्याला कोणी विचारलं नाही, हे मात्र लख्ख आठवत होतं.

चार वाजायला वेळ होता. तिने कॉफीचा मग खिडकीत ठेवला आणि गाडी काढली.

एप्रिलपासून काढतच होती. कुणाला न सांगता. सीटच्या कडेच्या चापाने ती पुढे घ्यायची, जरा वर घ्यायची, आरसे बोटाने आपल्याकडे वळवायची, आणि परत आली की एकचं बटण दाबून सगळं होतं तिथे, होतं तसं—वाळूवरची आपली पावलं पुसावीत तसं. कुणापासून पुसत होते मी? मेलेल्या माणसापासून? पण पुसायची. आणि त्या मधल्या तासाभरात जे काही व्हायचं ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सासष्ट वर्षांच्या बाईने असलं काही सांगायचं नसतं. ही गाडी चालत नाही. ती सरकते, कढईत तूप सरकावं तशी. वॉरन शहराच्या रस्त्यांना खड्डे काय कमी आहेत, पण तिच्यात बसल्यावर ते दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यात पडल्यासारखे वाटतात. पायाने हुकूम सोडायचा नाही, नुसतं सुचवायचं, आणि पोटातून एक खोल आवाज उठतो, आणि पुढचं ते लांबलचक, चकाकतं नाक उगवत्या रस्त्याला हुंगत निघतं... बस म्हणजे ओझं वाहणं. हे म्हणजे आपणच कुणीतरी वाहून नेण्याच्या लायकीचे असणं. हे सुख कॅझने एकट्याने खाल्लं. शेजारी बसून ते कळत नाही. शेजारच्या सीटवर फक्त मऊ कातडं कळतं.

एकट्याने—की दुसऱ्या बटणाबरोबर?

बाई असेल? ही कल्पना तिने सिग्नलला थांबल्यावर जिभेवर ठेवून पाहिली. कडू लागायला हवी होती. लागली नाही. उलट गळ्याशी काहीतरी हुळहुळलं, बंद डबा कानाशी धरून हलवताना पोराला होतं तसं. बाई असेल तर तिची उंची कळेल. पाय किती लांब, ते कळेल. ताठ बसायची की रेलून, दर पाच मिनिटांनी आरशात स्वतःचं तोंड बघायची का... सगळं कळेल, नाव सोडून. नवऱ्याच्या बाईचं माप घ्यायला मिळतंय, आणि मला राग येण्याऐवजी उत्सुकता वाटतेय, म्हणजे मी वाईट बायको होते की चांगली? मागच्याने भोंगा वाजवला. हिरवा कधीच झाला होता.

वाणसामानाच्या दुकानाच्या आवारात, गाड्यांपासून दूर, तिने गाडी लावली. ब्रेड घ्यायचा होता. तो राहिला. तिने अंगठा दोनवर ठेवला—झिजलेल्या खळगीत तो नेमका बसला—आणि दाबला.

सीट मागे निघाली. पुढे नाही, मागे. मागे जात राहिली, पावलं पेडलवरून सुटली, आणि मग पाठ खाली जायला लागली. दंतवैद्याच्या खुर्चीसारखी, पण प्रेमाने. रोमेन हळूहळू आडवी होत गेली. कुठेतरी बाहेर आरसे कुरकुरले. मग सगळं थांबलं. डोळ्यांपुढे छताचं करडं कापड, आणि चाक इतकं लांब की हात पुरेना.

इथून कुणालाच गाडी चालवता आली नसती. बुटक्या बाईला नाही, उंच बाईला नाही.

काचेवर टकटक झाली. हातात ट्रॉली, डोक्यावर टोपी, एक म्हातारा वाकून आत बघत होता.

"बाई, बऱ्या आहात ना?"

तिने काच खाली केली. "मेले नाही अजून. गाडी बघतेय."

"झोपून?"

"तुमची हरकत आहे?"

"छे हो. आमच्या मेहुण्याकडे होती अशी. निळी." त्याने टपावर दोन बोटं टेकवली, घोड्याच्या पाठीवर टेकवावीत तशी. "आता नाही बनवत असल्या."

"माणसंही नाही बनवत."

"ते बरंच आहे," म्हातारा म्हणाला आणि ट्रॉली ढकलत गेला.

ती तशीच पडून राहिली. म्हणजे बाई नव्हती. तिला—हे तिने स्वतःशी कबूल केलं—किंचित वाईट वाटलं. मग काय, झोपायचा? कुठे? उन्हाळ्यात रविवारी गाडी काढली की ती शेजारी असायचीच. एकटा तो गाडी घेऊन फारसा कुठे जातही नसे, गाडीवर जास्तीचा मैलही चढू द्यायचा नाही. आणि झोपायचंच तर आरसे कशाला हलवायचे? डावा आरसा अगदी आभाळाकडे तोंड करून होता, त्यात दिव्याचा खांब आणि एक सीगल पक्षी. झोपणाऱ्या माणसाला आरशाचं काय काम?

हिवाळा. हिवाळ्यात गाडी कुठे असते?

ती घरी इतक्या वेगाने आली की कॅझने खरंच शिव्या घातल्या असत्या. घराच्या कडेने मागच्या गॅरेजमध्ये, नाक भिंतीकडे, त्याच्यासारखीच, चाकं त्याने जमिनीवर मारलेल्या रंगाच्या खुणेत. इंजिन बंद केलं. गाडीमागचं गॅरेजचं मोठं दार खाली ओढलं. त्या दारात वर चार छोट्या काचा ओळीने. पुन्हा आत बसून दोन दाबलं. अंधारात सीट गुरगुरत मागे गेली, पाठ झोपली, आरसे हलले, आणि डाव्या आरशात दाराची एक काच आली, आणि त्या काचेत, चौकटीत बसवल्यासारखी, तिच्या स्वयंपाकघराची खिडकी. सिंकवरची. अर्ध्या पडद्याच्या वर बरोबर एका चेहऱ्याएवढी जागा.

माझ्या चेहऱ्याएवढी.

"जरा गाडी बघून येतो," जेवणानंतर तो म्हणायचा, आणि ती भांडी घासायला उभी राहायची, बरं झालं गेला म्हणायची. त्याच्यासमोर जेवणभर एक अक्षर नाही. तो गेला की बोलायची. भांड्यांशी, नळाशी. टेबलावर गिळलेलं सगळं उत्तर तिथे ओकायची, आईच्या पोलिश शिव्यांसकट. आई गेली तेव्हा तिथेच रडली, पाणी सोडून, म्हणजे कुणाला ऐकू जायला नको. एकदा मरणाचा कंटाळा आला म्हणून ओल्या झाऱ्याशी नाचली होती. जगातली एक जागा जिथे मला कुणी बघत नव्हतं... आणि हा इथे उताणा पडून आरशातून बघत होता! हिवाळ्यामागून हिवाळे! चोर. नुसता चोर. तोंडावर कधी विचारलं नाहीस, काय गं, काय झालं. आणि इथून ओठ वाचत होतास?

का तसंही नव्हतं? आपण आत पाय ताणून पडलोय आणि ही मधेच बोलवायला आली तर, म्हणून नुसती नजर ठेवायला? कारखान्यात फोरमन आला की सांगायला एकजण उभा करायचे, तसा आरसा उभा केला होता—मी खिडकीतून हलले की याने पटकन उठून गाडी पुसायचा कपडा हातात घ्यायचा? दोन्हीला आरसा याच कोनात लागतो. प्रेमालाही आणि पहाऱ्यालाही. कुणाला विचारू?

बाहेर पिकअपचं दार आपटलं.

बर्नी घराच्या कडेने चालत मागच्या दाराशी आला; इथे घरचं माणूस पुढून येत नाही, पुढून पोलीस येतात. मागचं दार खिडकीला लागूनच, आरशाच्या कोपऱ्यात तो पुरता मावला. त्याने ठोकलं. "रोमेन!" थांबला. आणि मग, कुणी नाही असं वाटल्यावर, त्याने टोपी काढली. टक्कल हाताने पुसलं. खिडकीच्या काचेत स्वतःकडे बघून काहीतरी बोलला. मान हलवली, जमलं नाही असं. पुन्हा बोलला, एक बोट उचलून, मग बोट खाली घेऊन. शब्द ऐकू येत नव्हते. चेहरा मात्र—हा चेहरा तिने कधी बघितलाच नव्हता, लग्नात नाही, कारखान्याच्या संपात नाही, दफनातही नाही. त्यात हसणं कुठेच नव्हतं. कॅझसारखा दिसत होता तो.

गाडी मागायची तयारी करत होता? की नको म्हणायची? की गाडीचं काहीच नव्हतं, भलतंच काही होतं? किल्ल्या तिच्या मांडीवर होत्या. एक हाक, एवढंच काम होतं. तिने किल्ल्या मुठीत धरल्या, वाजू नयेत म्हणून. अजून जरा. त्याने टोपी पुन्हा घातली, पुन्हा काढली, पायरीवर बसला, ढोपरांवर हात ठेवून, बस चुकलेल्या पोरासारखा; आणि रोमेनने श्वाससुद्धा हळू केला, त्याला कळेल म्हणून की त्याला त्रास होईल म्हणून, हे तिला सांगता येईना. मायेने बघतेय, की दबा धरून? तिने मनात चाचपून पाहिलं. हाताला दोन्हीपैकी काहीच लागलं नाही. लागली ती फक्त आणखी बघायची इच्छा, एवढी मोठी, एवढी बिनलाजी, की गाडीभर पसरली.

"रोमेन, अगं आहेस का?" बर्नी ओरडला, घराकडे तोंड करून.

आहे, ती मनात म्हणाली. बोल ना तू. मी बघतेय.