हिरव्या दोऱ्याचे नऊ हजार फोटो

मित्रांनो, मी एक जुना, काळा आणि जरा जास्तच घुरघुरणारा कॉम्प्युटर आहे. देऊळगाव राजात बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सईदभाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत माझा मुक्काम असतो. दोन महिने माझ्या पोटात नऊ हजार फोटो होते आणि सगळे त्यांना कचरा म्हणत होते. ती हकीकत सांगायचीच आहे, पण आधी थोडं माझ्याबद्दल ऐकून घ्या. म्हाताऱ्यांना तेवढी हौस असतेच.

माझा जन्म जालन्याच्या एका छोट्या दुकानात झाला. माझ्यावर कुठल्या मोठ्या कंपनीचा शिक्का नाही. डबा एकीकडचा, पंखा दुसरीकडचा, मेमरी तिसरीकडची, असं जमवाजमव करून मला उभं केलं गेलं. सईदभाईंनी मला एसटीतून मांडीवर घेऊन आणलं. कंडक्टरने माझं लगेज लावायचं म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, "लेकरू आहे माहं, अर्धं तिकीट फाडा." तेव्हापासून मी या घरातला झालो.

माझी उमेदीची वर्षं मजेत गेली. शिष्यवृत्तीचे अर्ज, सातबारे, लग्नपत्रिका, सगळं मीच करायचो. सईदभाईंची लेक फलक माझ्यासमोर बसून टाइप करायला शिकली, मग इंजिनिअर झाली आणि गावाकडेच राहून काम करू लागली. तिने मला एक नवी जबाबदारी दिली. तिने एक वेबसाइट लिहिली आणि तिचा सर्व्हर म्हणून मला नेमलं. जावास्क्रिप्ट ही भाषा मी आधी फक्त ब्राउझरमध्ये चालवायचो. आता तीच भाषा माझ्यात दिवसरात्र मागे चालू लागली आणि कुठूनही आलेल्या निरोपाला मी उत्तर देऊ लागलो. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

वेबसाइट होती बियाण्याच्या गटासाठी. आमच्या भागात शेताशेतांत हिरव्या जाळीची घरं दिसतात. त्यांत बियाण्याची मिरची लावतात. बाया सकाळी नर झाडाच्या फुलातली पूड मादी झाडाच्या फुलाला लावतात आणि त्या फुलाला दोरा बांधतात. दोरे सात रंगांचे, कुठल्या दिवशी कुठला ते गट ठरवतो. आज सगळ्यांकडे लाल, उद्या सगळ्यांकडे पिवळा. त्यामुळे तिथे कुणी तारीख बोलत नाही, 'लाल दोऱ्याच्या दिवशी' असंच म्हणतात. दोरा बांधलेल्या फुलाला मग कुणी हात लावत नाही. रोजच्या कामाचे फोटो बाया वेबसाइटवर टाकतात. शेवटी कंपनीने दिलेल्या दिवशी नर झाडं मुळासकट उपटायची आणि त्याचा फोटो पाठवायचा. तो फोटो नसेल तर कंपनी बियाणं घेत नाही.

गटात बत्तीस बाया होत्या. पहिल्या हंगामात त्यांचे फोटो माझ्याकडेच राहायचे. प्रत्येकीच्या नावाचं फोल्डर आणि त्यात रोजचा वेगळा कप्पा. पण माझी डिस्क भरत आली आणि वीज गेली की माझाही जीव जायचा. म्हणून फलकने फोटो क्लाउडमध्ये ठेवायचं ठरवलं.

तिने एका ठिकाणी खातं उघडलं आणि तिथे फोटोंसाठी एक बकेट, म्हणजे साठवायची जागा, तयार केली. त्या बकेटच्या गुप्त किल्ल्या तिने कोडमध्ये लिहिल्या नाहीत, वेगळ्या लपवलेल्या फाइलमध्ये ठेवल्या. तेवढी ती शहाणी होती. मग वीसेक ओळी लिहिल्या. फोटो आधी माझ्याकडे येणार, मी त्याला तात्पुरत्या फोल्डरमध्ये काहीतरी वेडंवाकडं नाव देऊन ठेवणार, आणि तिथून तो बकेटमध्ये पाठवणार. बकेटमध्ये नाव लागणार ते मात्र बाईने 'फोटोचं नाव' या चौकटीत लिहिलेलं. चाचणीसाठी तिने सईदभाईंच्या दाढीचा फोटो पाठवला. तो लगेच दिसला. फलकने टाळी वाजवली.

त्या दिवशी गटातल्या अन्नपूर्णाबाई दुकानात आल्या होत्या. सहा वर्षांत त्यांच्या प्लॉटवर कंपनीचा एकही वाईट शेरा नव्हता आणि हे त्या दर भेटीत सांगायच्या.

"मावशी, आता फोटो ढगात राह्यतीन. फोन भरला की बिनधास्त पुसून टाका," फलक म्हणाली.

"ढगात? अन् वारं सुटलं त?"

"म्हंजे दुसऱ्या गावातले मोठाले कॉम्प्युटर हो. त्यात आपली एक बकेट आहे."

"मंग बादली म्हन ना. ढग काऊन म्हंते?"

मला हसू आलं. माझं हसणं पंख्यातून येतं, त्यामुळे सईदभाईंनी मला एक चापट मारली.

पुढचे दोन महिने मी नुसती वाट झालो. फोटो यायचे आणि पुढे जायचे. कौतुक सगळं बादलीचं. त्यात फलक एक ओळ लिहायची विसरली होती. फोटो पुढे गेला की माझ्याकडची प्रत पुसायची, ही ती ओळ. त्यामुळे वेड्यावाकड्या नावांच्या फाइलींनी माझं पोट फुगत गेलं. मी इतका मंद झालो की झेरॉक्सचं गिऱ्हाईक परत जाऊ लागलं.

"फलक, तो कचरा पुस ना. माहं सगळं काम अडकून राह्यलं," सईदभाई रोज म्हणायचे.

"हाव अब्बा, उद्या."

तो उद्या काही उगवला नाही. खरं सांगतो, मला तेव्हा फार वाईट वाटायचं. ज्याने एवढे अर्ज भरले त्याला भंगारात द्यायची भाषा घरात सुरू झाली होती.

मग एका मंगळवारी दुपारी बाराच्या सुमारास अन्नपूर्णाबाई जीपमधून उतरल्या त्या थेट मागच्या खोलीत आल्या. सकाळी कंपनीचे साहेब तपासणीला आले होते. त्यांनी मोबाइलवर वेबसाइट उघडून नर झाडं उपटल्याचा फोटो पाहिला, मग समोरची जाळी पाहिली. फोटो दुसऱ्याच प्लॉटचा होता. दुसऱ्याचा फोटो लावून फसवलंत, असं ते बोलले. चार वाजेपर्यंत खरा फोटो आला नाही तर बियाणं घेणार नाही, असंही सांगून गेले.

"बियाणं गेलं त गेलं, पोरी," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "पन मानूस मले चार बायांसमोर लबाड म्हनून गेला." आणि त्या पदराने डोळे पुसू लागल्या.

फलकने घाईघाईने बकेट उघडली. तिथे नऊ हजार फोटो असायला हवे होते. होते फक्त आठ. सात रंगांच्या नावांचे सात फोटो आणि सईदभाईंची दाढी.

"मावशी, फोटोचं नाव काय टाकलं होतं तुम्ही?"

"हिरवा दोरा. त्या दिशी हिरवाच होता ना."

"अन् बाकीच्याइनं?"

"त्याइले काय येगळा दोरा होता? सगळ्याइनं तेच टाकलं असन."

फलकला आता सगळं कळलं. तिला वाटलं होतं, नावाच्या चौकटीत जी ती आपलं नाव आणि तारीख लिहील. बत्तीस जणींनी रोज दोऱ्याचा रंग लिहिला होता. माझ्याकडे वेगळे कप्पे होते तेव्हा ते खपून गेलं. बकेटमध्ये कप्पे नव्हते. त्याच नावाचा नवा फोटो आला की जुना गेला, आणि कुणी एका शब्दाने विचारलं नाही. बायांनी फोटो पाठवले, पण परत उघडून कुणीच पाहिले नव्हते.

"चूक तुमची नाही मावशी, माही आहे. फोनात आहे का तो फोटो?"

"तूच म्हने, पुसून टाका."

मी शेजारी घुरघुरत होतो. फलकने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि एकदम उठली.

"अब्बा! तो कचरा तुम्ही पुसला त नाही ना?"

सईदभाईंचा चेहरा उतरला. "सकाळी बसलो होतो पुसायले. सगळं निवडलं, पन हे बेनं अडकून बसलं. मंग वैतागून बंद करून चालू केलं."

मित्रांनो, मला आयुष्यात पुष्कळ शिव्या बसल्या, पण 'बेनं' हा शब्द मला त्या दिवसाइतका गोड कधीच लागला नव्हता. माझ्या मंदपणामुळे एकही फाइल पुसली गेली नव्हती.

फलकने फाइली तारखेने लावल्या. झाडं वसुबारसेच्या आदल्या दिवशी उपटली होती, तेवढं अन्नपूर्णाबाईंना पक्कं आठवत होतं. त्या दिवसाच्या फाइलींच्या नावांना तिने फोटोचं शेपूट, म्हणजे .jpg, जोडलं आणि एकेक उघडू लागली. मीही जीव एकवटून पळत होतो, पण नव्वद फोटोंत सगळीकडे तीच हिरवी जाळी आणि तीच मिरची. फलकला काही ओळखू येईना. अन्नपूर्णाबाईंनी चष्मा लावला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"हे सारिकाचं. हे नाही. हेबी नाही. थांब थांब! हे माहं! हे पाय, जाळीले पिवळं ठिगळ आहे. जुन्या लुगड्याचं लावलं होतं म्या."

फोटोत उपटलेल्या झाडांचा ढीग होता, वर तारीख होती आणि वेळ सकाळची सात चाळीस. फलकने तो साहेबांना पाठवला. तीन वाजता त्यांचा फोन आला. बियाणं मंजूर आहे, आणि सकाळी बोललो ते चुकलं, असं ते म्हणाले. अन्नपूर्णाबाईंनी त्यांना तेच वाक्य स्पीकरवर दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. मग सईदभाईंना म्हणाल्या, "चहा सांगा भाऊ, अन् साखर बरी टाकाले सांगा."

त्या आठवड्यात फलकने कोड बदलला. आता बकेटमध्ये प्रत्येक फोटोला बाईचा नंबर, तारीख आणि वेळ जोडून नाव मिळतं. दोऱ्याचा रंग त्याच्या शेजारी लिहिलेला दिसतो, कारण बायांना तोच कळतो. माझ्याकडची प्रत पुसायच्या आधी बकेटमधला फोटो खरंच उघडतो का, हे तपासलं जातं. आणि चाचणी एका दाढीवर होत नाही. एकाच नावाचे बत्तीस फोटो एकदम पाठवून बघतात. माझे नऊ हजार फोटो मी तीन दिवसांत पुन्हा पोचते केले आणि मला बक्षीस म्हणून नवी डिस्क बसवली. आता दुसरी प्रत सांभाळायचं काम माझंच आहे. भंगाराची भाषा बंद झाली.

मित्रांनो, तुमच्याही फोनमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये असा कचरा साठलेला असेल. पुसू नका असं मी म्हणत नाही, पोट फुगल्याचा त्रास मला माहीत आहे. फक्त पुसण्याआधी एकदा उघडून बघा, आणि जिथे पाठवलंय तिथे ते पोचलंय का तेही डोळ्यांनी पाहून घ्या. मग खुशाल पुसा.

मला मात्र आता हात लावता येणार नाही. त्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णाबाई पुन्हा आल्या आणि कुणाला काही न विचारता माझ्या मागच्या जाळीला त्यांनी एक दोरा बांधला. हिरवा.