दोन ठिपक्यांची पट्टी

"पंखा फिरतोय, दिवे लागलेत आणि स्क्रीन काळी ठिक्कर," मावशी फोनवर सांगत होत्या. "मदरबोर्डवर चार बारके दिवे आहेत, त्यातला रॅमचा तेवढा नारिंगी पेटून बसलाय. म्हणजे गाडं मेमरीपाशी अडलंय."

"आई, तू काहीतरी जाळलंस," पलीकडून मुलगा म्हणाला. "तरी सांगत होतो, तयार लॅपटॉप घे. या वयात हे उद्योग कुणी सांगितले होते?"

कुणी सांगितले नव्हते, हेच तर खरं होतं. मावशी हे त्यांचं नाव नव्हे. शाळेच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं परिचर म्हणून काम केलं आणि तेवढ्या काळात मुख्याध्यापकांपासून पाचवीच्या पोरांपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणाले. खरं नाव फक्त हजेरीपत्रकाला ठाऊक. निरोपाच्या दिवशी विज्ञानाच्या सरांनी भाषण केलं, मावशींच्या हातून कधी काचेचं भांडं फुटलं नाही म्हणाले. बिघडलेली उपकरणं तेहतीस वर्षं दुरुस्त कुणी केली, याबद्दल अवाक्षर नाही.

ती सगळी दुरुस्ती घरात अकरा वह्यांमध्ये लिहिलेली होती. कोणता तराजू कुठे अडतो, कोणता मीटर किती खोटं बोलतो, काय केलं की सुधारतो. नव्या परिचर बाई अडल्या की फोन करायच्या, तेव्हा मावशींनी ठरवलं की हे सगळं नीट टाइप करून शाळेला द्यायचं. त्यासाठी कॉम्प्युटर हवा, आणि तो त्या स्वतः जोडणार होत्या. जे उघडून बघता येत नाही ते आपलं नसतं, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. दोन महिने व्हिडिओ पाहिले, एकेक भाग आणला, आणि जेवणाच्या टेबलावर मांडून जोडला.

पहिली चूक त्यांची स्वतःची निघाली. रॅमची पट्टी खाचेत दाबताना चांगला जोर लावावा लागतो, कडेचा खटका वाजेपर्यंत. मावशींचा जन्म काचेच्या नळ्या हाताळण्यात गेलेला. जोर लावायचा म्हटलं की बोटं आपोआप सैल पडत. दोन पट्ट्यांपैकी डावीकडची अर्धवटच बसली होती. त्यांनी श्वास रोखून अंगठ्यांनी दाबली, खट्ट वाजलं, पण दिवा नारिंगी तो नारिंगीच. नवा बोर्ड पहिल्यांदा मेमरीची ओळख करून घ्यायला वेळ लावतो म्हणून दहा मिनिटं वाट पाहिली. बोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढून पाच मिनिटांनी परत बसवला. पट्ट्यांची सोनेरी टोकं मऊ खोडरबराने पुसली. काही उपयोग झाला नाही.

मग त्यांनी लॅबची पद्धत धरली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन्ही पट्ट्या दिसायला जुळ्या, म्हणून अर्धवट बसली होती तिच्यावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका दिला आणि दुसरीवर दोन. शिवाय प्रत्येकीच्या डाव्या टोकाच्या जाडीवर टाचणीने तेवढेच बारीक ठिपके पुन्हा दिले. शाळेत पोरं नंबर खरवडून फुटकी ब्युरेट शेजारच्या टेबलावर सरकवायची, तेव्हापासूनची ही सवय. एक खूण लोकांसाठी, एक आपल्यासाठी.

कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखला. दोन पट्ट्या, चार खाचा, आठ नोंदी. एका ठिपक्याची पट्टी चारही खाचांत चालली. दोन ठिपक्यांची एकीतही नाही. म्हणजे बोर्ड ठीक, खाचा ठीक, दोन ठिपक्यांची पट्टी दुकानातूनच मेलेली आली. इतका स्वच्छ निकाल मावशींनी शाळेत क्वचितच पाहिला होता.

"एकीवर चालतोय ना? मग चालव की," मुलगा म्हणाला.

"अर्ध्यावर भागवा असं मला जन्मभर लोकांनीच सांगितलं," मावशी म्हणाल्या. "निदान तू सांगू नकोस."

दुकानदाराने तक्ता पाहिलाही नाही. जोडला कुणी, असं विचारलं, आणि मावशींनी "मी" म्हटल्यावर तो त्यांच्या खांद्यावरून मागे पाहू लागला, जणू खरा माणूस अजून आत यायचा होता. मिस्टरांना पाठवा म्हणाला. मिस्टर सात वर्षांपूर्वी गेले, असं कळल्यावर मग मुलाला पाठवा म्हणाला. शेवटी त्याने विचारलं, पट्ट्या पहिल्याच वेळी नीट बसल्या होत्या का? मावशींनी खरं ते सांगितलं. त्याने टाळी वाजवली. झालं, तिथेच जळाली! अहो, अर्धवट बसलेली ती दुसरी, आणि ती तर ठणठणीत आहे, हे मावशी सांगत राहिल्या आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. खरं बोलणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. जाताना उपकार केल्यासारखा म्हणाला, ठेवून जा काकू, बघतो.

चार दिवसांनी फोन आला, बदलून दिलीय, घेऊन जा. नव्या पट्टीवर ठिपके नव्हते. घरी लावली आणि नारिंगी दिवा पेटला.

"दोन-दोन पट्ट्या कशा खराब निघतील?" मुलगा फोनवर वैतागला. "तुझा हातच लागतोय काहीतरी."

मावशींनी पट्टी काढली, खिडकीशी नेली आणि भिंगाखाली डावं टोक धरलं. जाडीवर दोन लाल कण होते, टाचणीच्या टोकाएवढे. वरचे ठिपके पुसून तीच पट्टी परत दिली होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तेहतीस वर्षांत ज्या हातून काच फुटली नव्हती त्या हातातून भिंग फरशीवर पडलं.

हा राग नुसता दुकानदारावरचा नव्हता. बावीस वर्षांपूर्वी दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मेण किती अंशाला वितळतं ते मोजायचं होतं. चौदा नंबरचा थर्मामीटर दोन अंश जास्त दाखवायचा. मावशींनी आदल्या दिवशी सरांना तसं सांगितलं, तर सर म्हणाले, तुम्ही परीक्षानळ्या धुवा. तो थर्मामीटर आला दोन वेण्यांच्या एका अबोल मुलीच्या वाट्याला. बाकी सगळ्यांनी पुस्तकातला आकडा लिहिला. तिने जो दिसला तो लिहिला. परीक्षकांनी वर्गासमोर तिचा कागद उचलून विचारलं, डोळे घरी ठेवून आलीस का? मुलगी म्हणाली, मी तीनदा वाचलं सर. तिला नापास केलं. मावशी चार पावलांवर उभ्या होत्या. तोंड उघडलं होतं, सरांनी एकदा पाहिलं, आणि त्या मूग गिळून बसल्या. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली आणि दोरी धरायला मावशी होत्या, असं त्यांना अजून वाटे.

शनिवारी मुलगा आला. पट्टीवरचे लाल कण त्याने डोळे बारीक करून पाहिले आणि फॅक्टरीतला डाग असेल म्हणाला. तरी आईबरोबर दुकानात गेला, बोलणं मी करतो असं बजावून. दुकानदाराने त्याच्यासाठी लगेच खुर्ची ओढली.

"साहेब, आईंना समजावा. हे बायकांचं, म्हणजे वयस्कर माणसांचं काम नाही. नाजूक वस्तू असते."

"तेच सांगतोय मी," मुलगा म्हणाला, आणि आईकडे वळून हळूच, "जाऊ दे ना आई. मी दुसरी घेऊन देतो."

मावशींनी पर्समधून पट्टी काढली आणि काउंटरवर ठेवली. त्यांचा आवाज चढला नाही. लॅबमध्ये आवाज चढवायचा हक्क सरांचा असायचा, त्यामुळे ती सवयच नव्हती.

"नाजूक वस्तू मी तुमच्या वयापेक्षा जास्त वर्षं हाताळल्यात. ही तुमच्या मशीनला लावा. इथे, सगळ्यांसमोर. चालली तर मी तुमची माफी मागेन."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. दुकानदार म्हणाला, आत्ता माणूस मोकळा नाही. मागच्या टेबलावर सोल्डरिंगचे डाग देत बसलेला जाड चष्म्याचा कारागीर उठून आला, दोन मिनिटांचं काम आहे म्हणाला, आणि समोरच्या मशीनमधली पट्टी काढून ही लावली. पंखा फिरला. स्क्रीन काळीच राहिली. त्याने दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. काळीच. मग आधीची पट्टी परत घातली तर मशीन सुरू झालं.

"आता डावं टोक बघा," मावशी म्हणाल्या. "जाडीवर. दोन लाल ठिपके आहेत, माझ्या हातचे."

कारागिराने चष्मा कपाळावर सरकवून पट्टी डोळ्यांजवळ धरली. दुकानदार त्याच्याकडे बघत होता. ती नजर मावशींनी ओळखली. बावीस वर्षांपूर्वी सरांनी त्यांच्याकडे असंच पाहिलं होतं. आता हाही मूग गिळणार, असं त्यांना वाटलं.

"शेठ, ही तीच आहे," कारागीर म्हणाला. "वरचे ठिपके मीच पुसलेत. तुम्ही थिनरने पुसायला सांगितलं होतं."

मुलगा खुर्चीवरून उठला. दुकानदाराने खालच्या कप्प्यातून सीलबंद पाकीट काढलं आणि सॉरी साहेब, गडबडीत होतं असं कधीकधी, म्हणत मुलापुढे धरलं. सवयीने मुलाचा हात पुढे झाला.

"माझ्याकडे द्या," मावशी म्हणाल्या. "कॉम्प्युटर माझा आहे."

निघताना त्या मागच्या टेबलापाशी थांबल्या. कारागीर पुन्हा मान खाली घालून डाग देत होता. उद्या तो या टेबलावर असेल की नाही, कोण जाणे. मावशींना त्याला बरंच काही सांगायचं होतं, पण एवढंच म्हणता आलं, "मला नव्हतं जमलं." त्याला अर्थातच काही कळलं नाही. त्याने मान हलवली.

घरी त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी नवी पट्टी दाबली, खटका वाजेपर्यंत. नारिंगी दिवा पेटला, थोडा वेळ तसाच राहिला आणि विझला. स्क्रीन उजळली. मुलगा तक्त्याचं कॅलेंडर हातात घेऊन उभा होता. आठही नोंदी त्याने आता पहिल्यांदा वाचल्या.

"आई, मी उगाच..." तो म्हणाला.

"बस," मावशी म्हणाल्या. त्यांनी अकरा वह्यांपैकी एकही उघडली नाही. एकेक अक्षर शोधत दोन बोटांनी टाइप करायला त्यांना बराच वेळ लागला, आणि मुलगा मागे उभा राहून वाचत होता.

थर्मामीटर क्रमांक १४. दोन अंश जास्त दाखवतो. मुलीने बरोबर वाचले होते.