पिवळी स्प्रिंग

पिवळ्या ठिपक्याच्या एका कडेला केसाएवढी हिरवी रेघ उरली होती. नीट पाहिलं तर तिच्याही आत लाल. मोहिनीने स्प्रिंग खिडकीच्या उजेडात फिरवली, नेलपॉलिशच्या ब्रशने पिवळा रंग कडेपर्यंत ओढला आणि हळूच फुंकर घातली. बाथरूममध्ये पाणी पडत होतं. ते थांबायच्या आत स्प्रिंग जागेवर बसवायची होती.

टेबलावर धाकट्या भावाची, स्वराजची पेंटबॉलची गन उघडून ठेवलेली होती. रंगाच्या गोळ्या उडवायची, रविवारच्या खेळातली. तिचा मूळ ट्रिगर काढून मोहिनीने स्वतः बनवलेला बसवला होता: दोन बोटं मावतील अशी ॲल्युमिनियमची लांब पट्टी, खिळीवर फिरणारी, आणि मागे बदलता येणारी स्प्रिंग.

उन्हाळ्यात गाडीवरून पडून स्वराजच्या उजव्या हाताचं हाड कोपराच्या वर मोडलं होतं. हाड जुळलं, नस मात्र मेली नव्हती आणि जगलीही नव्हती. तर्जनी जराशी वाकायची आणि थांबायची. फिजिओथेरपीच्या बाईंनी दाबायला दिलेला स्पंजचा चेंडू त्याने पहिल्याच दिवशी कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"हे काय लहान मुलासारखं? गन दे. तीच ओढत बसतो."

मूळ ट्रिगर त्याला हलेना. म्हणून मोहिनीने हा बनवला. लाल, हिरवी, निळी, पिवळी अशा चढत्या कडकपणाच्या चार स्प्रिंगा आणल्या, कॉलेजच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा लावून एकेक मोजली आणि ठिपके दिले. लाल जमली की हिरवी. पिवळी जमली की मैदानावर जायचं, असं त्याचं त्यानेच ठरवलं होतं.

लाल त्याने श्रावणात ओढली. आईने देवापुढे साखर ठेवली. पण पुढच्याच आठवड्यात तीच लाल त्याला ओढली जाईना. त्याने गन भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली आणि दोन दिवस तो जेवायला बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी तो आंघोळीला गेल्यावर मोहिनीने बॉलपेनमधली स्प्रिंग काढली, कापली, तिला लाल ठिपका दिला आणि आत बसवली.

तेव्हापासून आत तीच स्प्रिंग होती. ती हिरवी झाली, निळी झाली, पिवळी झाली. मधे दोनदा तीही जड पडायला लागली तेव्हा मोहिनीने खिळीचं भोक सरकवून पट्टी आणखी हलकी केली. अकरावीच्या मुलांना ती दर वर्षी सांगायची, उत्तर आवडलं नाही म्हणून काट्यावरचं वाचन बदलायचं नाही. हल्ली ते वाक्य आलं की ती फळ्याकडे वळून सांगायची.

सर्जन म्हणाले होते, पायातली एक नस काढून हातात जोडता येईल. खात्री नाही, आहे ती हालचालही आधी जाईल, मग परत यायला वर्ष लागेल. पण नसेवाचून स्नायू वाळतो, तो कोणासाठी थांबत नाही. दिवाळीनंतर आलात तर माझ्या हातात फारसं काही नसेल. आता दिवाळी तोंडावर आली होती, आणि आईने दोन तारखा फोन करून रद्द केल्या होत्या. "पोराचा हात सुधारतोय, डॉक्टर. उगाच चाकू कशाला?"

पाणी थांबलं. मोहिनीने शेवटचा स्क्रू आवळला.

"झाली का तयार?" स्वराज डोकं पुसत आला. गन त्याने डाव्या हातात तोलली, उजवी दोन बोटं पट्टीवर टेकवली. खट्. "बघ. पिवळी!"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "दृष्ट लागेल, पुरे. आणि पोचल्यावर फोन करा."

सोमेश्वरचं देऊळ मागे पडेपर्यंत मोहिनीने स्कूटर सावकाश चालवली. आता सांगू, असं तिने प्रत्येक गतिरोधकापाशी ठरवलं. दुतर्फा छाटलेल्या द्राक्षबागांमध्ये बाया काड्यांना डोळे फुटायची पेस्ट लावत होत्या. मागे स्वराज गुणगुणत होता. सहा महिन्यांत तो गुणगुणला नव्हता. गिरणारेचा फाटा आला, गेला. तिच्या घशातून आवाज निघाला तो फक्त "हेल्मेट नीट घाल" एवढाच.

मैदान म्हणजे पूर्वीचं टोमॅटोचं रान. कडेने हिरवी जाळी, आत टायरांच्या आणि बांबूच्या आडोशांची रांग. पत्र्याच्या शेडमधून मालक दीपक बाहेर आला.

"या या, मंत्रीसाहेब! सत्कारच ठेवायला पाहिजे होता."

"तू हार आणला असशील तर तुझ्याच गळ्यात घाल," स्वराज म्हणाला. "गन बघ. ताईने बनवलीय."

"मार्कर म्हण रे बाबा. गन गन करतो, पलीकडच्या मळ्यातला आधीच पोलिसांना फोन लावायला बसलाय." दीपकने पट्टी निरखली, भुवया उंचावल्या. "भारी काम आहे, ताई. पण घरी खोललेला मार्कर ठोकून बघितल्याशिवाय आत जाऊ देत नाही मी. राग मानू नका."

त्याने हवेची टाकी जोडली, एक गोळी भरली आणि नळीच्या तोंडावर जाड कापडी टोपी चढवली. मग मार्कर नळी जमिनीकडे करून धरला आणि मागच्या बाजूवर तळहात आपटला. ट्रिगरला कोणीच हात लावलेला नव्हता.

फट्.

टोपीवर गुलाबी डाग पसरला.

"हे नाय चालायचं," दीपक म्हणाला. "चालता चालता उडेल, कोणाचा मास्क वर असला तर डोळा जाईल. लय हलका आहे ट्रिगर. कडक स्प्रिंग टाका."

"याच्यापेक्षा कडक नाहीये," स्वराज म्हणाला. "ही पिवळी आहे. सगळ्यात कडक."

दीपक हसला. "सगळ्यात कडक? अरे, फुंकर मारली तर..." त्याने मोहिनीकडे पाहिलं आणि तो तिथेच थांबला. "तुम्ही बघा. मी तिकडच्या पोरांना मास्क देऊन येतो."

शेडमध्ये दोघंच उरली. मोहिनीने पिशवीचा बंद सोडला आणि परत बांधला. पत्रा उन्हाने कडकड वाजत होता.

"ताई, डबी आणलीयेस?"

"कुठली?"

"खऱ्या स्प्रिंगांची."

तिने मान वर केली नाही. पिशवीत हात घालून डबी काढली. ती रोज बरोबरच असायची. घरात ठेवायची तिला भीती वाटायची.

"लाल टाक," तो म्हणाला.

टाकी काढायला तिला वेळ लागला. स्क्रू दोनदा बोटांतून निसटून मातीत पडला. दोन्ही वेळा स्वराजने वाकून डाव्या हाताने तो उचलून दिला. खरी लाल आत बसली तेव्हा पट्टी थोडी ताठ उभी राहिली, एवढाच फरक.

स्वराजने गन मांडीवर घेतली. दोन बोटं पट्टीवर ठेवली. मनगटाच्या वर एक शीर उठली, खांदा आपोआप वर आला, जबडा आवळला गेला. तर्जनी वाकली, पट्टीला टेकली, पांढरी झाली. पट्टी हलली नाही. त्याने परत ओढली. आणखी एकदा. मग डाव्या हाताने उजवी बोटं एकेक करून पट्टीवरून सोडवली.

"कधीपासून माहितीये तुला?" मोहिनीने विचारलं.

"हिरवीपासून. खालून लाल दिसत होती. तुझं नेलपॉलिश एका थरात कधी बसलंय का, आजपर्यंत?"

तिला हसू येणार होतं, त्याचं काही भलतंच झालं. तिने ओढणी तोंडाशी धरली.

"मग बोलला का नाहीस?"

"हिरवी झाली त्या दिवशी आईने शिरा केला. तू दोनदा घेतलास. किती दिवसांनी." त्याने बोटावरचा पट्टीचा वळ चोळला. "म्हटलं, राहू दे आजच्या दिवस. मग निळी झाली. खोटं आहे हे कळत होतं, तरी खट् वाजलं की बरं वाटायचं. आज दीपकने ठोकलं नसतं ना, तर मी खेळलो असतो आणि घरी येऊन आईला सांगितलं असतं, बघ, बरा झालो."

"चूक माझी आहे. मी मोजमापच..."

"ताई, नको."

बाहेर कोणीतरी ओरडलं, गोळ्यांचा फटफट आवाज सुरू झाला. मोहिनीने तळहात उघडला. कापलेली छोटी स्प्रिंग घामाने ओली झाली होती. पिवळ्याचा ओला पापुद्रा तिच्या कातडीला लागला होता आणि खालचा निळा उघडा पडला होता.

"सर्जन म्हणाले होते, आहे तेही जाईल," ती म्हणाली. "खात्री नाही, असंही म्हणाले. मग पुन्हा माझ्यामुळेच..."

स्वराजने उजवा हात तिच्यासमोर धरला. तर्जनी वाकवली. ती जिथे रोज थांबायची त्याच्याही अलीकडे थांबली. दोघांनी ते पाहिलं.

पिशवीत फोन वाजायला लागला. आई. मोहिनीने तो हातात धरला आणि तसाच वाजू दिला. बंद होऊन तो लगेच परत वाजला. स्वराजने तो तिच्या हातातून घेतला आणि डाव्या अंगठ्याने स्पीकर लावला.

"पोचलात का रे? फोन करा म्हटलं होतं. पिवळीने खेळलास का?"

स्वराजने मोहिनीकडे पाहिलं. मग फोन मांडीवर ठेवला.

"आई, तू जरा खाली बस," तो म्हणाला. "मी ऑपरेशन करून घेणार आहे."