समुद्रघोड्याचा बिल्ला

"शिडीला हात लावायचा नाही, इल्झेबाई!" रोझविटा केम्पर काठावरून ओरडली. "बिल्ला हवा असेल तर उडी. नियम म्हणजे नियम."

"चौऱ्याहत्तराव्या वर्षी हाडं मोडली, तर नियम येणार आहे का मला सूप पाजायला?" इल्झेबाई पाण्याकडे पाठ फिरवून म्हणाल्या.

मेल्रोड नगरपालिकेच्या या बंदिस्त तलावावर रोझविटानं उभं आयुष्य काढलं होतं. निम्मं गाव तिच्याच हाताखाली पोहायला शिकलं. काठावरून उडी मारायची, तलावाची एक लांबी पोहायची, तळाशी टाकलेली रिंग वर आणायची. मग मिळायचा समुद्रघोड्याचं चित्र असलेला कापडी बिल्ला. गावातल्या आया तो पोरांच्या पोहण्याच्या कपड्यांवर शिवून देत. नवरा गेल्यावर शिकायला आलेल्या इल्झेबाईंना सगळं जमे, उडी सोडून. आणि गळक्या छपरापायी उद्यापासून तलावाला कुलूप लागणार होतं. आज नाही, तर कधीच नाही.

तेवढ्यात नगराध्यक्ष डेटलेफ हार्म्स आला, बूट हातात धरून. हाही रोझविटाचाच शिष्य. बूट घालून काठावर यायची अजून त्याची टाप नव्हती.

"बाई, तलाव वाचला!"

"छपराला कर्ज मिळालं?"

"आपल्याला कुठलं मिळतंय! नगरपालिकेच्या कर्जाची मर्यादा कधीच संपली. पण बर्लिनमध्ये संरक्षणाचा कायदा बदलायचं चाललंय. सैन्यभरती वाढणार, आणि सैन्याच्या खर्चाला कर्जाची मर्यादा उरणार नाही. कायदा मंजूर झाला की तलाव सैन्य घेणार. छप्पर ते घालतील, जवानांना शिकवायला तुम्हीच."

"आणि गावानं कुठे पोहायचं?"

डेटलेफ हातातल्या बुटांकडे बघत म्हणाला, "सैन्याची जागा म्हटल्यावर... बाहेरच्यांना बंदच की."

"वा रे वा! पाणी तेच, गळती तीच. पोहणारा बदलला की तिजोरी उघडते होय?"

"नाहीतर कायमचं कुलूप, बाई. माझ्या हातात एवढंच होतं."

ते खोटं नव्हतं, म्हणूनच रोझविटाला जास्त लागलं. भरती होणाऱ्या पोरांवर तिचा राग नव्हता. बुडताना गणवेश कुणाला तारत नाही. त्यांनाही शिकवायलाच हवं. पण म्हणून गावानं काय पाप केलं होतं?

डेटलेफ हळूच म्हणाला, "आज शेवटचा दिवस आहे. द्या की आजींना बिल्ला. कोण बघतंय?"

"मी बघतेय. फुकटचा बिल्ला शिवला, तर रोज टोचेल त्यांना."

इल्झेबाईंनी सगळं ऐकलं होतं. "दया करायला मी काय भिकारीण आहे का रे, डेटलेफ? सरक बाजूला!"

त्यांनी नाक चिमटीत धरलं, डोळे गच्च मिटले आणि धप्पकन उडी घेतली. डेटलेफचा कोट भिजला. वर येऊन खोकल्या, मग बेडकासारखे पाय मारत पलीकडच्या काठाला पोचल्या. रिंग दुसऱ्या बुडीत हाती लागली.

"जमलं हो, जमलं!" रोझविटानं टाळ्या वाजवल्या.

इल्झेबाई काठाला धरून धापा टाकत हसल्या. "आलं बाई एकदाचं पोहता! पण केम्परबाई, उद्या मी पोहू कुठे?"

रोझविटानं बिल्ला त्यांच्यासमोर काठावर ठेवला.

"बरं, मग आणखी एक फेरी मारते," म्हणत इल्झेबाई निघाल्यासुद्धा.

तलाव बंद करायची वेळ झाली होती. डेटलेफ ओल्या कोटानिशी बाकावर बसून राहिला. रोझविटानं गळ्यातली शिट्टी काढून त्याच्या शेजारी ठेवली आणि इल्झेबाईंच्या सोबतीला पाण्यात उतरली.