शेजारच्या खाचेतली नवी

वीतभरही लांब नसलेली, हिरव्या अंगावर आठ काळे चौकोन वागवणारी मी, या घरातल्या कॉम्प्युटरची जुनी रॅम. काम चालू असेल तोवर सगळं डोक्यात धरायचं आणि वीज गेली की पाटी कोरी, हा माझा जन्मभराचा धंदा. तरी हे एवढं कसं लक्षात राहिलं, ते विचारू नका. दमलेल्या जिवाला काही गोष्टी विसरताही येत नाहीत.

मला इथे आणलं बाबांनी, नोकरीतून निवृत्त झाले त्या महिन्यात. दर रविवारी ते झाकण काढून रंगाच्या मऊ ब्रशनं माझी धूळ झाडायचे. आठ वर्षं मी त्यांची पत्रं आणि पत्त्यांचे डाव सांभाळले. घाई त्यांनाही नव्हती, मलाही नव्हती.

मग त्यांना सून आली. ती घरबसल्या इमारतींचे नकाशे काढते. तिचा एक नकाशा उघडला की मला धाप लागायची. म्हणून तिच्या नवऱ्यानं ऑफिसातून येताना एक नवी रॅम आणली. जुनीशी जुळते का ते आधी बघायला हवं होतं, असं ती हळूच म्हणाली.

"खाच रिकामी आहे ना? मग बसव की," तो म्हणाला.

नवी माझ्या शेजारी येऊन बसली. माझ्या दुप्पट ऐवजाची, पायाला चाकं असल्यासारखी. पण आमच्यात दोघींनी चालायचं ते हळू चालणारीच्या चालीनं. बिचारी निमूट माझ्या मागे रखडत राहिली. एवढं करूनही मध्येच आमचं पाऊल चुकायचं आणि पडदा जागच्या जागी थिजायचा. एका दवाखान्याचा नकाशा शुक्रवारी द्यायचा होता. सुनेचं लग्नानंतरचं पहिलं मोठं काम. दोनदा अर्ध्या अर्ध्या दिवसाची मेहनत पुसली गेली.

"आठ वर्षांत हा कॉम्प्युटर कधी अडला नव्हता," बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले. नाव कुणाचं घेतलं नाही, पण पोचायचं तिथे पोचलं. नवऱ्याला नेमकं तेव्हाच मोज्याचं भोक दिसलं.

बुधवारी सकाळी सुनेनं झाकण उघडलं. आधी नवीला एकटीला चालवून पाहिलं, मग मला. बाबा खुर्ची ओढून जवळ येऊन बसले.

"काय? खोट कुणात आहे?"

माझ्यावर ढकलणं सोपं होतं. ढकल बाई, असंच मला वाटत होतं.

"कुणातच नाही, बाबा. एकेकट्या छान चालतात. एकत्र बसवल्या की दोघींचे हाल."

बाबांनी मला खाचेतून काढलं. मग त्यांनी स्वतःच्या हातानं मला पुसलं आणि नवी ज्या चंदेरी पाकिटातून आली होती, त्यात सरकवलं. ब्रश मात्र सुनेच्या हातात दिला.

नकाशा शुक्रवारी दुपारी गेला.

आता मी टेबलाच्या कप्प्यात, चष्म्याच्या रिकाम्या घराशेजारी. वरून सुनेच्या बोटांचा आवाज येतो, न अडखळता. पूर्वी ती हात आखडून वाट बघत बसायची. तिचा खरा वेग हा आहे, ते मला इथे पडल्या पडल्या कळलं.

कप्पा आवराल तेव्हा मला फेकू नका. पण कीव येऊन पुन्हा कुणाच्या शेजारी बसवूही नका. माझ्यासाठी कुणी हळू चालतंय, हे आता मला झेपायचं नाही.