दोघांपुरती गाडी

बावीस वर्षं शहराची बस चालवणाऱ्या अप्पांनी सुट्टीत मुलींच्या हट्टापायी दिवसभरासाठी स्पोर्ट्‌स कार भाड्याने घेतली. गाडीत जागा दोघांचीच, म्हणून शेजारी बायको बसली आणि मुली मावशीच्या गाडीतून मागून निघाल्या.

अप्पांचा जीव थाऱ्यावर नव्हता. सीट इतकी खाली, की शेजारच्या ट्रकचं चाक कानाशी घरघरत होतं. पाय नुसता टेकला तरी गाडी उधळायची. दर मिनिटाला ते आरशात बघत आणि प्रत्येक बसथांबा दिसला की सवयीने वेग कमी करत.

"अहो, इथे कुणी चढणार नाहीये," बायको म्हणाली. "द्या बघू माझ्याकडे."

तिला लायसन्स मिळून जेमतेम वर्ष झालं होतं. पण डोंगराच्या रस्त्यावर तिने गाडी अशी पळवली, की अप्पांनी दाराची मूठ घट्ट धरली आणि ते नसलेला ब्रेक दाबत राहिले.

"घाबरलात? थांबवू का?"

तिचे डोळे चमकत होते. अठरा वर्षांच्या संसारात तिला इतकं खुशीत त्यांनी क्वचितच पाहिलं होतं.

"नको, चालव," ते म्हणाले. "फक्त वळणावर हॉर्न दे."